फाइल केवढी घ्यायची? वेबसाइटवरच्या अपलोडला मर्यादा घालताना

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी साहित्य मागवायचं पान मी करून दिलं. नाव, पत्ता, फोन, लेखकाचा परिचय, कथेचं शीर्षक आणि खाली 'फाइल निवडा'चं बटण, एवढंच. अंतिम तारखेच्या आदल्या रात्री संपादकांचा फोन. "अगं, साताऱ्याच्या एक बाई तिसऱ्यांदा फॉर्म भरतायत. सगळं भरून पाठवलं की तुझं पान म्हणतं, कृपया नाव भरा. नाव तर भरलंय म्हणतात त्या."

बाईंचं बरोबर होतं. त्यांनी वहीत लिहिलेल्या कथेच्या बारा पानांचे फोनवर फोटो काढून त्यांची एक पीडीएफ केली होती. ती झाली ४१ एमबीची. आमच्या सर्व्हरवर पीएचपीची (साइटचा कोड ज्या भाषेत लिहिलाय ती) मर्यादा होती मुळातली, ८ एमबीची. फाइल जास्तीची दिसल्यावर पीएचपीने नुसती फाइल टाकून दिली असती तर चाललं असतं. त्याने आख्खा फॉर्म टाकून दिला. माझ्या कोडच्या हातात आला कोरा कागद, आणि कोऱ्या कागदावर पहिली रिकामी जागा नावाची. म्हणून 'कृपया नाव भरा'.

मी वैतागून सगळीकडे ५१२ एमबी लिहून मोकळी झाले. मुदत नेहमीप्रमाणे आठ दिवसांनी वाढली, आणि त्या आठ दिवसांत डिस्क भरली. डेटाबेसला लिहायला जागा उरेना, साइट बंद. एका पानावर दोन्ही टोकांच्या चुका करून झाल्या. त्यानंतर जे नीट बसून केलं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. पहिल्यांदाच एखादी छोटी साइट सांभाळायला घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण पीएचपी आणि इंजिनएक्स या वेब सर्व्हरचं (ब्राउझरला पानं देणाऱ्या प्रोग्रामचं) घेतलंय, कारण स्वस्त होस्टिंगवर बहुतेकदा हीच जोडी किंवा पीएचपी आणि अपॅची भेटते. सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजीत, जिथे अंडरस्कोर दिसतोय तिथे अंडरस्कोर घालून टाइप करायची.

आधी कागदावर आकडा

सर्व्हरला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवा: तुमच्याकडे लोक नेमकं काय पाठवणार आहेत?

आमचंच बघा. तीन हजार शब्दांची कथा. एका शब्दात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजून सरासरी सहा चिन्हं धरू, म्हणजे अठरा हजार चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये (संगणकावर मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. झाले ५४,००० बाइट, म्हणजे साधारण ५३ केबी. तीच कथा फोटो काढून पाठवली की ४१ एमबी, जवळजवळ आठशे पट. मजकूर तोच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच.

आता यातल्या कुठल्या पाहुण्याला घरात घ्यायचं ते ठरवा. फक्त टाइप केलेलं साहित्य घेणार असाल तर २ एमबीही भरपूर. पण वयस्कर लेखक हस्तलिखितच पाठवतात, चित्रकार रेखाटनं पाठवतात, त्यांना दाराबाहेर ठेवून दिवाळी अंक कसा निघणार? म्हणून आम्ही ठरवलं: एक फाइल १० एमबीपर्यंत, एका वेळी जास्तीत जास्त तीन फाइली.

मग लगेच गुणाकार. ३०० जणांनी प्रत्येकी तीन फाइली पूर्ण आकाराच्या पाठवल्या तर ९,००० एमबी, म्हणजे ९ जीबीच्या आसपास. त्याच डिस्कवर बॅकअप ठेवत असाल तर दुप्पट. एवढी जागा खरंच आहे का ते बघा. नसेल तर आकडा कमी करा किंवा डिस्क वाढवा. माझ्या ५१२ एमबीच्या पराक्रमाआधी मी हा गुणाकार केला असता तर तो आठवडा बरा गेला असता.

उलट टोकही आठवा. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. लाखो अर्ज येतात तिथे अशी चिमूटभर मर्यादा समजू शकते, पण त्या 'केबीत बसवण्या'साठी किती मुलं सायबर कॅफेत पैसे मोजतात ते आपण पाहिलंय. तुमच्याकडे तीनशे माणसं येणार असतील तर त्यांना हा त्रास देऊ नका. त्या अर्जातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी: खालचीही मर्यादा असते. शून्य बाइटची फाइल लोक चुकून पाठवतात, तीही अडवायची.

एककाचं एक झेंगट आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये १ एम म्हणजे १०,४८,५७६ बाइट. विंडोज आकार दाखवताना हाच हिशेब धरतं. मॅक मात्र दहा लाख बाइटला एक एमबी म्हणतो. त्यामुळे एकच फाइल दोघांच्या संगणकावर वेगळी दिसते आणि "माझी तर ९.८ आहे", "नाही, १०.३ आहे" अशी भांडणं होतात. लोकांना '१० एमबीपर्यंत' सांगा आणि कोडमध्ये १,०४,८५,७६० बाइट धरा, म्हणजे मॅकवाल्याला तक्रारीला जागा राहत नाही.

वाड्याचे दरवाजे

फाइल तुमच्या डिस्कवर पोचेपर्यंत तिला एकामागून एक दारं ओलांडावी लागतात. वाड्याची कल्पना करा. बाहेर दिंडीदरवाजा, तो वेब सर्व्हर: इंजिनएक्स किंवा अपॅची. मग ओसरी, ती पीएचपी. आत माजघर, तिथे तुमचा स्वतःचा कोड. प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी, प्रत्येकाचं माप वेगळं, आणि एकाने सोडलं म्हणून दुसरा सोडेलच असं नाही. साइट क्लाउडफ्लेअरमागे (साइटीच्या पुढे उभी राहून येणारी-जाणारी वाहतूक हाताळणारी सेवा) असेल तर वाड्याच्याही आधी वेस आली. त्यांच्या मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीच्या वर काही आत येत नाही, तुम्ही आत काहीही लिहा.

या पहारेकऱ्यांत मराठी येतं फक्त माजघरातल्याला. दिंडीदरवाजावरचा इंग्रजीत '४१३' (पाठवलेलं फार मोठं आहे, या चुकीचा क्रमांक) म्हणून तोंडावर दार लावतो. ओसरीवरचा काही बोलतच नाही, हातातलं सगळं काढून घेतो आणि माणसाला तसाच आत ढकलतो. म्हणून मापं अशी लावायची की नेहमीच्या माणसाची नेहमीची चूक माजघरापर्यंत पोचावी आणि तिथे तिला नीट उत्तर मिळावं. सर्वांत आतलं माप सर्वांत लहान, बाहेर जाल तसं थोडं थोडं मोठं.

आमचे आकडे असे झाले. कोडमध्ये एका फाइलीला १० एमबी. पीएचपीमध्ये एका फाइलीला १२. पीएचपीमध्ये सगळा फॉर्म मिळून ४०, कारण तीन बाराचे छत्तीस आणि वर परिचयाचा मजकूर वगैरे. इंजिनएक्समध्ये ५०. हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतील.

पहिलं दार: वेब सर्व्हर

इंजिनएक्समध्ये सेटिंगचं नाव क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज. काहीच लिहिलं नसेल तर ते १ एमबी असतं. नवीन सर्व्हरवर पहिलाच फोटो अडकतो तो बहुतेकदा इथे. ते सर्व साइटींसाठी, एका साइटीसाठी किंवा फक्त एका पत्त्यापुरतं लिहिता येतं. मी शेवटचाच मार्ग घेते: ज्या पत्त्यावर फॉर्म जातो, त्या लोकेशनच्या कंसात ५०एम, बाकी साइटीला मूळचा १ एमबी. संपर्काच्या फॉर्मवर कोणी पन्नास एमबी ओतायचं कारण नाही. एक काळजी घ्या, ० लिहू नका. शून्य म्हणजे 'काही घेऊ नका' असं वाटतं, पण इथे त्याचा अर्थ 'कितीही येऊ द्या' असा आहे.

बदल केल्यावर आधी इंजिनएक्सची तपासणीची आज्ञा द्या, म्हणजे नाव आणि हायफन-टी. 'सक्सेसफुल' दिसलं तरच रीलोड. एखादा अर्धविराम राहिला असेल तर तो इथेच कळतो.

४१३ साठी स्वतःचं मराठी पान लावता येतं, एरर_पेज वापरून. लावा, पण फार विसंबू नका. इंजिनएक्स विनंतीच्या सुरुवातीला लिहिलेला आकार पाहूनच नकार देतो, तेव्हा ब्राउझर अजून फाइल पाठवतच असतो. अशा वेळी ब्राउझर पुष्कळदा तुमचं सुंदर पान न दाखवता 'कनेक्शन तुटलं' एवढंच म्हणतो. इंजिनएक्सच्या माहितीपुस्तिकेतच तशी ताकीद आहे.

अपॅची असेल तर लिमिटरिक्वेस्टबॉडी, आणि तिथे आकडा बाइटमध्ये लिहायचा: ५० एमबीसाठी ५,२४,२८,८०० (स्वल्पविराम न देता). अपॅची २.४.५३ पर्यंत याला मुळात काही मर्यादाच नव्हती, २.४.५४ पासून १ जीबी आहे. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत, म्हणून लिहायचंच. विंडोजवरच्या आयआयएसमध्ये मुळातली मर्यादा ३ कोटी बाइटची असते आणि ती ओलांडली की चक्क ४०४.१३ ही चूक येते. ४०४ पाहून लोक पत्ता चुकला म्हणून शोधत बसतात.

दुसरं दार: पीएचपी

इथे दोन आकडे जोडीने चालतात. अपलोड_मॅक्स_फाइलसाइज एका फाइलीसाठी, मुळात २ एमबी. पोस्ट_मॅक्स_साइज सगळ्या फॉर्मसाठी, मुळात ८ एमबी. पहिला वाढवून दुसरा विसरणं ही नवख्यांची ठरलेली चूक, आणि साताऱ्याच्या बाईंना जो मनस्ताप झाला तो दुसऱ्यामुळेच. एक फाइल पहिल्या मर्यादेपेक्षा मोठी असली तर पीएचपी फक्त ती फाइल सोडून देतं, बाकी फॉर्म शाबूत ठेवतं आणि काय चुकलं ते सांगणारा क्रमांकही देतं. सगळा मिळून दुसऱ्या मर्यादेपलीकडे गेला तर पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अॅरे (कोडला फॉर्मची माहिती आणि फाइली ज्यांत मिळतात त्या याद्या) रिकामे. फॉर्ममधलं सुरक्षेचं टोकनही त्यात जातं, त्यामुळे काही साइटींवर 'नाव भरा'ऐवजी 'तुमचं पान कालबाह्य झालं' असं आणखी भलतंच काही दिसतं.

आम्ही लिहिलं: पहिल्याला १२एम, दुसऱ्याला ४०एम. नुसता एम. सवयीने १२एमबी लिहिलंत तर पीएचपी शेवटचं अक्षर बी बघतं, ते त्याला ओळखत नाही, आणि मर्यादा होते १२ बाइट. बारा बाइटमध्ये देवनागरीची चार चिन्हं मावतात. पीएचपी ८.२ पासून निदान इशारा तरी देतं, जुनं तेही करत नाही.

हे लिहायचं कुठे? पीएचपी डॉट आयएनआय या फाइलीत, पण कुठल्या? उबुंटूवर किंवा डेबियनवर एकाच पीएचपीच्या अशा दोन-तीन फाइली असतात: एक आज्ञापटलासाठी, सीएलआय नावाच्या फोल्डरात, एक वेबसाठी, एफपीएमच्या (वेबसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) फोल्डरात. पहिलीत बदल करून दुसरीचा परिणाम शोधत मी एक अख्खी दुपार घालवली आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे पीएचपीइन्फो दाखवणारं एक छोटं पान साइटवर टाका, ब्राउझरमध्ये उघडा आणि 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल'समोरचा पत्ता वाचा. तीच फाइल. काम झालं की ते पान लगेच काढून टाका, त्यावर तुमच्या सर्व्हरची सगळी कुंडली असते. शेवटी एफपीएम रीस्टार्ट करा. फाइल जतन केली म्हणून पीएचपीला आपोआप कळत नाही.

शेअर्ड होस्टिंगवर मूळ फाइलीला हात लावू देत नाहीत. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) असेल तर त्यात पीएचपीच्या आयएनआयचं संपादक पान असतं, तिथे हेच दोन आकडे भरा. नाहीतर साइटच्या मुख्य फोल्डरात डॉट-यूजर-डॉट-आयएनआय नावाची फाइल करून त्यात लिहा. हा बदल लागू व्हायला पाच मिनिटंही लागतात, कारण पीएचपी ती फाइल ३०० सेकंद लक्षात ठेवतं. चहा करून या. जुन्या सल्ल्यांमध्ये एचटीअॅक्सेस फाइलीत पीएचपी_व्हॅल्यू लिहायला सांगितलेलं असतं. पीएचपी एफपीएमने चालत असेल तर त्याने साइट ५०० क्रमांकाची चूक देऊन बसते. आणि कोडच्या पहिल्या ओळीत आयएनआय_सेट लिहून हे आकडे बदलत नाहीत. तुमचा कोड सुरू होतो तोवर फाइल येऊन, मोजली जाऊन निकाल लागलेला असतो.

फॉर्म, म्हणजे जिथे माणूस बसलेला असतो

बटणाच्या शेजारीच लिहा, खाली तळटिपेत नको: 'वर्ड किंवा पीडीएफ, १० एमबीपर्यंत. चित्रं जेपीजी. जास्तीत जास्त ३ फाइली.' माणूस फाइल निवडण्याआधी हे वाचतो. निवडून, फॉर्म भरून, पाठवून झाल्यावर सांगितलं तर चिडतो.

फॉर्मच्या टॅगमध्ये एन्कटाइप मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा आहे ना ते बघा. ते नसलं तर फाइल जात नाही, फक्त तिचं नाव जातं, आणि तुम्ही मर्यादांचे आकडे वाढवत बसता.

मग थोडी जावास्क्रिप्ट. फाइल निवडल्याक्षणी ब्राउझरला तिचा आकार बाइटमध्ये माहीत असतो. फाइलच्या साइज या गुणधर्मात तो मिळतो. तो १,०४,८५,७६० पेक्षा मोठा निघाला तर तिथल्या तिथे सांगायचं, काही न पाठवता. याचं मोल नेटवर्क कमी असलेल्या गावात कळतं. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर १० एमबी जायला ऐंशी सेकंदांहून जास्त लागतात, आणि ४१ एमबीला साडेपाच मिनिटं. साडेपाच मिनिटं गोल फिरताना बघून शेवटी 'नाव भरा'.

संदेश कसा लिहावा यावर मी नको तेवढा वेळ घालवला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पहिला मसुदा होता: 'फाइल आकार मर्यादा ओलांडली.' हे पहारेकऱ्याचं बोलणं झालं. आताचा असा आहे: 'ही फाइल १४.२ एमबीची आहे, आम्ही १० एमबीपर्यंत घेऊ शकतो. पानांचे फोटो असतील तर दोन-तीन फाइलींत विभागून पाठवा. तुम्ही भरलेली बाकी माहिती तशीच आहे.' त्यात त्यांच्या फाइलीचा आकडा आहे, आपला आकडा आहे आणि आता काय करायचं ते आहे. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं निघालं. फॉर्म पुसला गेला की काय, ही धास्ती लोकांना फाइलीपेक्षा जास्त असते.

पीएचपीच्या पुस्तिकेत मॅक्स_फाइल_साइज नावाचं लपवलेलं खानं (फॉर्ममधला न दिसणारा रकाना) सांगितलेलं दिसेल. ते फाइलच्या खान्याच्या आधी ठेवावं लागतं. ब्राउझर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तपासतं पीएचपीच, तेही फाइल आल्यावर. शिवाय ते कोणालाही बदलता येतं. मी घालत नाही.

फोटोच मुख्य असतील, म्हणजे ट्रेकच्या ग्रुपची किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची साइट असेल, तर ब्राउझरमध्येच कॅनव्हास वापरून फोटो लहान करून पाठवता येतो. लांबीला १,६०० पिक्सेल पडद्यासाठी पुरतात. छापायचे फोटो मात्र असे लहान करू नका. आमच्या चित्रकारांना मी मूळ फाइलच पाठवायला सांगते.

माजघरातला कोड

ब्राउझरमधली तपासणी ही सोय झाली, बंदोबस्त नाही झाला. जावास्क्रिप्ट बंद करणं दोन क्लिकचं काम आहे, आणि ज्याला त्रास द्यायचाय तो तुमचा फॉर्म उघडतच नाही, थेट पत्त्यावर मारा करतो. म्हणून सर्व्हरवर पुन्हा सगळं तपासायचं, या क्रमाने.

सर्वांत आधी कोरा कागद ओळखा. विनंती पोस्ट प्रकारची आहे, पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे आहेत, पण कंटेंट_लेंथ मध्ये (ब्राउझरने आधीच सांगितलेला एकूण आकार) मोठा आकडा आहे: याचा अर्थ पोस्ट_मॅक्स_साइज ओलांडली. इथे नावाची, पत्त्याची तपासणी करूच नका, सरळ आकाराचा संदेश दाखवा. या तीन ओळी मी आधी लिहिल्या असत्या तर संपादकांची झोप मोडली नसती.

मग प्रत्येक फाइलीचा एरर क्रमांक. ० म्हणजे ठीक. १ म्हणजे पीएचपीची एका फाइलीची मर्यादा ओलांडली. २ म्हणजे त्या लपवलेल्या खान्याची. ३ म्हणजे फाइल अर्धवट आली, बहुधा मधेच नेट गेलं. ४ म्हणजे फाइल निवडलीच नाही. ६ आणि ७ आले तर दोष पाठवणाऱ्याचा नाही: तात्पुरतं फोल्डर नाही किंवा डिस्कवर लिहिता येत नाही. ६-७ ला लोकांना 'थोड्या वेळाने पुन्हा पाठवा' सांगा आणि स्वतःला ईमेल जाईल अशी सोय करा. क्रमांक ५ शोधू नका, तो नाहीच.

त्यानंतर तुमची १० एमबीची तुलना. फाइल्स अॅरेमधला साइज सर्व्हरने स्वतः मोजलेला असतो, त्यावर भरवसा ठेवा. त्याच अॅरेमधला टाइप मात्र ब्राउझरने सांगितलेला असतो, त्यावर ठेवू नका. फाइलचा खरा प्रकार पीएचपीच्या फाइलइन्फोने तपासा. फाइलीला स्वतःचं नवं नाव द्या, आणि ती साइटच्या उघड्या फोल्डराबाहेर ठेवा.

बाइट कमी म्हणजे फाइल निरुपद्रवी असं समजू नका. ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलचा फोटो जेपीजी म्हणून ३-४ एमबीचा असेल, पण तो लहान करायला उघडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट मेमरी लागते. पीएचपीची मुळातली मेमरी १२८ एमबी. असा दुप्पट लांबी-रुंदीचा एकच फोटो पीएचपीला झोपवतो, आणि एकरंगी चित्र असेल तर ती फाइल केबींतच मावते. चित्र उघडण्याआधी गेटइमेजसाइजने लांबी-रुंदी विचारा आणि तिलाही मर्यादा घाला. झिपचं तर विचारूच नका; ४२ केबीची एक कुप्रसिद्ध झिप पूर्ण उलगडली तर साडेचार पेटाबाइट होते. झिप घेऊच नका, घेतलीत तर सर्व्हरवर उलगडू नका.

दुसऱ्या गावी असाल तर

साइट वेगळ्या साधनांवर बांधली असेल तर तिथल्या मर्यादा अशा. वर्डप्रेसमध्ये मीडियाच्या 'नवीन जोडा' पानावर सध्याची मर्यादा लिहिलेली असते. पीएचपीच्या त्या दोन आकड्यांतला जो लहान तो ती दाखवते. एका वर्डप्रेसवर अनेक साइटी असतील तर नेटवर्क सेटिंगमध्ये १,५०० केबीचा वेगळा अडसर मुळातच असतो. फ्लास्कमध्ये मॅक्स_कंटेंट_लेंथ तुम्ही लिहीपर्यंत मर्यादा नसते. नोडच्या मल्टरमध्येही तसंच, फाइलसाइज स्वतः द्यावा लागतो. स्प्रिंग बूट उलट कंजूष: एका फाइलीला १ एमबी, सगळ्या विनंतीला १०. जँगोत फाइल_अपलोड_मॅक्स_मेमरी_साइज हे नाव फसवं आहे. ते २.५ एमबीवर काहीही अडवत नाही. त्याहून मोठी फाइल मेमरीऐवजी डिस्कवर घेतं, इतकंच. तिथे आकार तपासणारा कोड तुम्हालाच लिहायचाय. फाइली थेट अॅमेझॉनच्या एस-३ वर (फाइली साठवायची सेवा) जात असतील तर पोस्टच्या सही केलेल्या धोरणात कंटेंट-लेंथ-रेंज घाला, नाहीतर वरचा सगळा बंदोबस्त वळसा घालून चुकवला जातो.

मोडून बघा

आकडे लिहिले म्हणजे लागू झाले असं नाही. ठरलेल्या आकाराच्या खोट्या फाइली बनवा. लिनक्सवर ट्रंकेट आज्ञेला हायफन-एस ११एम द्या की ११ एमबीची फाइल तयार. विंडोजवर एफएसयूटिलच्या फाइल क्रिएटन्यूला नाव आणि बाइट द्यायचे, ११ एमबीला १,१५,३४,३३६ (पुन्हा, स्वल्पविराम न देता). ब्राउझरची जावास्क्रिप्ट बंद करा आणि एकेक पाठवा.

९ एमबी आत गेली पाहिजे. ११ ला तुमच्या कोडचा संदेश. १३ ला एरर क्रमांक १, पण फॉर्म शाबूत. ४५ ला कोऱ्या कागदाचा संदेश. ५५ ला ४१३. पाचही ठिकाणी ठरलेलं दिसलं तर दारं बरोबर लागली. ९ ची फाइल अडली तर घाबरू नका: या फाइलींत नुसती शून्यं असतात, प्रकाराच्या तपासणीत त्या नापास होणारच. चाचणीपुरती ती ओळ बंद करा, आणि नंतर पुन्हा सुरू करायला विसरू नका.

काही वेगळंच झालं तर लॉग वाचा. 'क्लायंट इंटेंडेड टु सेंड टू लार्ज बॉडी' असं दिसलं तर अडवणारा इंजिनएक्स. 'पोस्ट कंटेंट-लेंथ ऑफ' इतके बाइट 'एक्सीड्स द लिमिट ऑफ' तितके, असं दिसलं तर पीएचपी. लॉगमध्ये काहीच नसेल तर फाइल वाड्यापर्यंत आलीच नाही, वेशीवर बघा.

डिस्कचं राहिलं

एका फाइलीची मर्यादा डिस्क वाचवत नाही, कारण एकच माणूस शंभर वेळा फॉर्म पाठवू शकतो. एका फोन नंबरवरून दिवसाला पाच वेळा, एवढा नियम कोडमध्ये घाला. अपलोडचं फोल्डर जमलं तर वेगळ्या विभाजनावर ठेवा, म्हणजे ते भरलं तरी डेटाबेसचा श्वास कोंडत नाही. फाइल येत असताना तिची एक तात्पुरती प्रत इंजिनएक्सकडे आणि एक पीएचपीकडे असते, ती जागाही हिशेबात धरा. आणि डिस्क ८० टक्के भरली की मला ईमेल येतो. त्यासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) डीएफ (डिस्कची जागा सांगणारी आज्ञा) चालवणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

यंदा फाइल मोठी झाल्याच्या संदेशाखाली अंकाच्या कार्यालयाचा टपालाचा पत्ताही घातलाय. ज्यांना फाइल विभागणं वगैरे जमत नाही ते सरळ वहीची पानं पाकिटात घालून पाठवतात. साताऱ्याहून पाकीट आलं, आमच्या टायपिस्टने कथा टाइप केली. फाइल झाली ३८ केबीची.